दुष्काळ, स्थलांतर आणि आमच्या वाङ्मयांतील स्त्री

श्री. अमिताव घोष यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या ग्रंथांत आधुनिक कादंबरीवर एक मोठा आरोप ठेवला आहे. पृथ्वीचें हवामान पालटत असतां आणि ऋतूंचा क्रम मोडत असतां गंभीर म्हणविणारी कादंबरी मात्र मध्यमवर्गीय जीवनाच्या संथ चाकोरींतच फिरत राहिली, असा त्या आरोपाचा आशय आहे. ग्रंथ विचारांस चालना देणारा आहे व त्याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. आम्हांस येथें त्याचें परीक्षण करावयाचें नाहीं. तोच आरोप मराठी वाङ्मयावर कितपत लागू पडतो, आणि पडत असल्यास नेमका कोठें, एवढाच प्रश्न आम्हीं हातीं घेतला आहे.

वरवर पाहतां हा आरोप आमच्यावर येऊं नये. समुद्राच्या भरतीपेक्षां पावसाची ओढ महाराष्ट्राच्या अधिक परिचयाची आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळाचें नांव शतकानुशतकें लोकांच्या तोंडीं राहिलें. १८७६-७८, १८९६-९७ आणि १९७२ हे दुष्काळ एकेका पिढीच्या कालगणनेच्या खुणा होऊन बसले. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी पुरवावें लागलें, हें तर आमच्या डोळ्यांदेखत घडलें. यांतील प्रत्येक दुष्काळ पृथ्वीच्या तापानेंच पडला असें म्हणणें शास्त्राला धरून होणार नाहीं. मराठवाडा पर्जन्यछायेंत आहे व तेथील अवर्षण जुनेंच आहे. परंतु औद्योगिक युगापूर्वीच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें तपमान सरासरी १.१ अंशानें चढलेलें होतें. अशा चढत्या उन्हांत जमिनीची ओल लवकर उडते, आणि पाऊस एकतर दडी मारतो किंवा एकदम कोसळून हातचें पीक घेऊन जातो. जुनें दुखणें नव्या तापानें बळावलें, असें म्हणणें पुरेसें आहे.

अशा प्रदेशाच्या वाङ्मयांत दुष्काळ यावा हें स्वाभाविक आहे, आणि तो आलाही आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ सालीं पुस्तकरूपानें आली. माणदेशांतील धनगरांची ती वस्ती, तेथील शाळा आणि शाळेवर नेमणूक होऊन आलेला तरुण मास्तर मराठी वाचकांच्या घरचींच माणसें होऊन गेलीं आहेत. त्या कादंबरींत एक प्रसंग आहे. शेकू नांवाच्या धनगराला औतासाठीं दुसरा बैल मिळत नाहीं. तेव्हां त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जूं खांद्यावर घेते. लेखक हा प्रसंग करुणेचा गहिंवर न काढतां सांगतो, आणि त्यामुळेंच तो विसरतां येत नाहीं. पुढें पाऊस येत नाहीं, चारा संपतो, मेंढरें मरूं लागतात, आणि वाडी उठते. शाळा ओस पडते, मास्तर परत फिरतो, कादंबरी संपते.

कलेच्या दृष्टीनें हा शेवट अचूक आहे. त्यांत एका शब्दाची भर घालावी असें आम्हांस वाटत नाहीं. पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तेथेंच थांबून पाहिलें पाहिजे. मास्तराची नजर वाडीच्या शिवेपर्यंत जाते. शिवेपलीकडे गेलेली माणसें कोठें पोंचलीं, कोणाच्या दारांत उतरलीं, कोणतें काम त्यांना मिळालें आणि त्या कामाचे पैसे कोणाच्या हातीं पडले, हें कादंबरीच्या कक्षेबाहेर राहतें. गांव उठणें हा कथेचा शेवट आहे. जूं खांद्यावर घेणाऱ्या बाईच्या आयुष्यांत मात्र तेथून दुसऱ्या जुंवाचा आरंभ होतो.

हा एका कादंबरीचा दोष नव्हे. आमच्या सगळ्या दुष्काळी वाङ्मयाची ती रीत आहे. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) घ्या. साहित्य अकादमीनें २००४ सालीं तिचा गौरव केला, आणि तो रास्तच होता. विदर्भांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराची पडझड इतक्या जवळून फार थोड्यांनीं दाखविली आहे. शिकलेला परंतु नोकरी न मिळालेला एकनाथ हा तिचा नायक. त्याची पत्नी अलका हिला तें जिणें सोसत नाहीं, आणि तिचा वैताग लेखकानें प्रामाणिकपणें नोंदविला आहे. पण तो वैताग वाचकापर्यंत पोंचतो तो मुख्यतः एकनाथाच्या दुःखांतील एक भर म्हणून. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) उठलेल्या गांवाच्या पाठोपाठ शिवेपलीकडे जाते, हें तिचें श्रेय मोठें आहे. मात्र तेथील विस्थापन धरणाचें आहे. धरणाच्या विस्थापनाला सरकारी हुकूम असतो, तारीख असते, कागदपत्रें असतात, आणि ज्याच्यावर बोट ठेवावें असा माणूसही सांपडतो. दुष्काळाच्या विस्थापनाला यांतलें कांहींच नसतें. कोणी हुकूम काढीत नाहीं. विहीर आटते एवढेंच. म्हणून त्याची कथा रचणें कठीण, आणि म्हणूनच ती रचली जाणें अगत्याचें.

शिवेपलीकडे काय आहे, हें पाहावयाचें तर बीड जिल्ह्याकडे व त्याच्या आसपासच्या दुष्काळी तालुक्यांकडे वळावें. दसरा-दिवाळी उरकली कीं तेथून लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या उसाच्या फडांकडे निघतात, तीं शिमगा-पाडव्याच्या सुमारास परततात. जाण्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती कष्टानें फेडावयाची असते. यांतील विपरीतता लक्षांत घेण्याजोगी आहे. ज्यांच्या गांवीं प्यावयाला पाणी नाहीं, तीं माणसें सर्वांत अधिक पाणी पिणाऱ्या पिकाची तोडणी करण्यासाठीं घर सोडतात. त्या पिकाची साखर आमच्या चहांत येते. सृष्टीच्या तापाला ज्यांचा हातभार जवळजवळ नाहीं त्यांना त्याचा चटका अधिक, आणि ज्यांचा आहे त्यांच्या ताटांत गोडधोड: हवामानाच्या न्यायाचा जो प्रश्न जगाच्या परिषदांतून चर्चिला जातो, तो आमच्या स्वयंपाकघरांतील साखरेच्या डब्यापर्यंत असा येऊन पोंचला आहे.

या फडांवर एक शब्द चालतो, आणि टीकाकारानें त्याच्यावर बोट ठेवणें हें आम्हांस आमचें कर्तव्य वाटतें. तो शब्द म्हणजे ‘कोयता’. येथें त्याचा अर्थ हत्यार असा नाहीं. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. उचल कोयत्यामागें ठरते आणि टोळीची मोजदाद कोयत्यांत होते. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. त्यापूर्वी पहाटे उठून तिनें पाणी आणलेलें असतें आणि भाकऱ्या थापलेल्या असतात, आणि रात्रीं कोपींत परतल्यावर चूल पुन्हा तिचीच असते. हिशेबाच्या वेळीं मात्र मुकादमाच्या वहींत नांव बहुधा नवऱ्याचें असतें व पैसाही त्याच्याच हातीं पडतो. भाषेंत असे शब्द क्वचितच असतील, ज्यांत एक संपूर्ण माणूस इतक्या सहज मावून नाहींसा होतो.

आमच्या कादंबरींत बाई दिसते ती घराचा एक भाग म्हणून, आणि मुकादमाच्या वहींत ती दिसते कोयत्याचा एक भाग म्हणून. या दोन गोष्टी एकच आहेत असें म्हणण्याइतके आम्ही अविचारी नाहीं. कादंबरीकाराच्या मनांत माया असते, मुकादमाच्या मनांत नफा. पण मोजण्याचें माप दोघांचें एकच राहिलें आहे. घर मोजावें, माणूस मोजूं नये, हें तें माप.

तें माप चुकीचें कां, याचें उत्तर तर्कापेक्षां एका पाहणीनें अधिक स्पष्ट दिलें आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढून टाकलेलें आढळलें, म्हणजे साधारण सहांत एक. त्यांत पस्तिशी-चाळिशींतल्या बायका पुष्कळ. देशभरच्या २०१५-१६ च्या आरोग्य-पाहणींत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हें प्रमाण सुमारें तीन टक्के होतें. दोन पाहण्यांची तुलना काटेकोर नसली, तरी अंतर डोळ्यांत भरण्याइतकें आहे. कारणें गूढ नाहींत. कोपीजवळ न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं, स्वच्छ पाणी नाहीं. बाळंतपणानंतर लवकरच डोक्यावर मोळी. त्यांतून जडलेलीं दुखणीं. आणि कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून कापला जाणारा पैसा. विटाळशीच्या दिवसांत विसावा नाहीं, आणि दुखण्याला औषधाऐवजीं चाकू सुचविणारे वैद्यव्यवसायी शहरांत बसलेले. कोयता अडूं नये म्हणून बाईनें आपल्या शरीराचा एक अवयव दिला, असाच याचा अर्थ होतो.

आतां दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही आदरानें विचारांत घेण्याजोगे आहेत. पहिला वाङ्मयाच्या बाजूनें येईल. कादंबरी ही सरकारी पाहणी नव्हे. तिनें आंकडे व अन्याय यांची यादी कां द्यावी? हा वाद मराठीला नवा नाहीं. फडके-खांडेकरांच्या नांवानें ‘कलेसाठीं कला’ कीं ‘जीवनासाठीं कला’ म्हणून जें द्वंद्व एके काळीं गाजलें, त्याचीच ही पुनरावृत्ति आहे. आमचें म्हणणें त्या वादाच्या कोणत्याच बाजूला जाऊन बसत नाहीं. आम्ही प्रचार मागत नसून निरीक्षण मागत आहों. ज्या पात्राच्या खांद्यावर कथेचें अर्धें ओझें आहे, त्या पात्राचें मन, भय, हिशेब आणि भावी बेत लेखकास ठाऊक नसतील, तर ती उणीव कलेच्याच मापानें उणीव ठरते. बोधाचा प्रश्न मग उपस्थितच होत नाहीं.

दुसरा आक्षेप संसाराच्या बाजूनें येईल. नवरा-बायको हीं एका संसाराचीं दोन चाकें. दुष्काळांत दोघेंही उपाशी राहतात. मग त्यांच्यांत वेगळा हिशेब कशाला काढावा? आमच्या सुखवस्तु घरांतून हा आक्षेप विशेष जोरानें निघेल, आणि त्याच्या मुळाशीं कुटुंबाविषयींचें खरें प्रेम आहे, हें आम्ही जाणतों. भूक दोघांची एक असते, हें कबूल. पण शस्त्रक्रियेच्या मेजावर दोघें जात नाहींत. तीच गोष्ट मुलीची. वयांत आलेल्या पोरीला गांवीं म्हाताऱ्यांजवळ ठेवावें तर जिवाला घोर, फडावर न्यावें तरी घोर; शिवाय लग्न झालें कीं नवें जोडपें म्हणजे नवा कोयता आणि नवी उचल. २०१९-२१ च्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचें लग्न अठरा वर्षें पुरीं होण्याआधीं झालेलें आढळलें. साऱ्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. या घरांतील मुलगेही शाळेला मुकतात, पण मुलीच्या शाळेबरोबर तिचें बाळपणही संपतें. संसाराचें ऐक्य राखावयाचें असेल, तर त्याची किंमत एकाच चाकानें भरावी असें कोठें सांगितलें आहे?

वेगळ्या नजरेनें पाहणारें कोणी आमच्याकडे झालेंच नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथून शेंकडों निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यांतून झाला. आपले अनुभव त्यांनीं इंग्रजींत लिहून ठेवले आहेत. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं आमच्या पूर्वजांनीं बराच कागद खर्च केला. त्यांच्या या लेखनाकडे त्या मानानें लक्ष गेलें नाहीं. दुष्काळानें रस्त्यावर आणलेली बाई आणि रस्त्यावर आणलेला पुरुष यांच्यापुढील संकट एकसारखें नसतें, आणि जेथें अन्न वांटलें जातें ती जागाही तरुण मुलीला निर्भय असतेच असें नाहीं, ही गोष्ट त्यांनीं प्रत्यक्ष पाहून नोंदविली. बालपणीं दुष्काळांतच आईबाप गमावून हिंदुस्थानभर पायीं भटकलेल्या या विदुषीला ती दिसली, यांत नवल नाहीं. आज मदतछावणींत उजेड, आडोसा व स्त्रियांसाठीं वेगळी सोय असावी अशी जी मागणी होते, तिचें मूळ मराठी मनुष्यानें परदेशीं शोधण्याचें कारण नाहीं.

तसेंच, बायकांनीं स्वतः रचलेलें वाङ्मयही आमच्याजवळ आहे. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नानें खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या गेल्या. कष्ट, माहेर, मूल आणि एकटेपण हे विषय तेथें बाईच्या तोंडून येतात. तिला कोणाच्या नजरेची मध्यस्थी लागत नाहीं. फडावरच्या बाईच्या तोंडचें असें वाङ्मय गोळा करणारा संग्राहक निघाला, तर तो कादंबरीकाराचा गुरु होईल.

आतां वाङ्मय सोडून थोडें कायद्याकडे वळूं, कारण कायदाही एक प्रकारचें लेखनच आहे आणि त्यांतही पात्रें असतात. इंग्रजी अमदानींतील दुष्काळी कामांवर पुरुष, स्त्री व मूल यांना वेगवेगळी मजुरी ठरलेली असे. १९७२ च्या दुष्काळांत चित्र बदललें. मे १९७३ च्या सुमारास जवळजवळ पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर होतीं, त्यांत स्त्रियांचा भरणा फार मोठा होता. त्या अनुभवांतून व वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला. ग्रामीण भागांतील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस काम मागण्याचा हक्क आहे, असें त्यानें म्हटलें. ‘व्यक्ति’ हा तेथील शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. घराजवळ काम मिळालें कीं गांव सोडावें लागत नाहीं, आणि मजुरी स्वतःच्या नांवावर निघाली कीं घरांतही शब्दाला वजन येतें. पुढें २००५ च्या देशव्यापी कायद्यानें स्त्रियांसाठीं निदान एकतृतीयांश वांटा राखला, हें चांगलें केलें. पण हक्क दिला तो घरटी शंभर दिवसांचा. ‘व्यक्ति’ जाऊन पुन्हा ‘घर’ आलें.

विस्थापनाच्या कायद्यांतही हाच लपंडाव आहे. नर्मदेच्या १९७९ च्या निवाड्यानें प्रत्येक सज्ञान मुलगा हें स्वतंत्र कुटुंब मानून त्याला पुनर्वसनाचा हक्क दिला. सज्ञान मुलीला तो दिला नाहीं. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील आदिवासी घरांना हा भेद प्रत्यक्ष भोगावा लागला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानें विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानलें, आणि सज्ञान व्यक्ति स्त्री असो वा पुरुष, तिचें कुटुंब वेगळें धरलें. एका व्याख्येंतील दोन ओळी बदलावयाला चौतीस वर्षें लागलीं. आणि ती सुधारणाही दुष्काळानें उठलेल्या बाईच्या उपयोगी पडत नाहीं. कारण तिची जमीन कोणी संपादन केलेली नसते. पीक बुडाल्याची मदत मिळते ती सातबाऱ्यावर ज्याचें नांव त्याला, आणि कसणाऱ्या बाईचें नांव तेथें क्वचितच असतें.

जगाच्या व्यासपीठावरही तिची जागा अशीच धूसर आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारांत वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट आणि राजकीय मत हीं छळाचीं कारणें मानलीं आहेत. आटलेली विहीर त्यांत बसत नाहीं, आणि बीडची बाई देशाची सीमाही ओलांडीत नाहीं. २०२२ सालीं, हवामानामुळें होणाऱ्या हानीसाठीं दुर्बल देशांना निधि द्यावा असें राष्ट्रांनीं ठरविलें, तें न्यायाचेंच झालें. पण श्रीमंत राष्ट्रांकडून गरीब राष्ट्राकडे, राष्ट्राकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून कुटुंबप्रमुखाकडे असा पैसा उतरत आला, तर शेवटच्या पायरीवर न्याय अडखळेल. राष्ट्राराष्ट्रांमधील विषमतेविषयीं तावातावानें बोलणाऱ्यांनीं आपल्याच कोपींतील विषमतेपुढें मौन धरणें शोभत नाहीं.

यावर उपाय कोणते, हें ठरविणें व्यवहारज्ञांचें काम आहे. मजुरी व उचल दोघांच्या नांवें वेगळी लिहिणें, फडावर पाणी, आडोसा व दवाखाना असणें, आणि गांवीं मुलींसाठीं निवासाची शाळा असणें, एवढें तरी सामान्य बुद्धीला सुचतें. साखर विकत घेणाऱ्या घरांनीं तें मागितलें, तर कारखानदारांस तें ऐकावें लागेल. टीकाकाराचें काम याहून लहान आहे, पण तें टाळतां येण्याजोगें नाहीं. ज्या शब्दांनीं माणूस झांकला जातो ते शब्द त्यानें ओळखावे, आणि ज्या ठिकाणीं कथा संपते तेथें कोणाचें आयुष्य सुरू होतें, हें विचारावें. यापुढें दुष्काळावरील जी कादंबरी आमच्याकडे अभिप्रायार्थ येईल, तिला आम्ही भाषेविषयीं, रचनेविषयीं आणि प्रादेशिक रंगाविषयीं नेहमींचे प्रश्न विचारूंच. परंतु त्यांच्या आधीं हें पाहूं कीं गांव उठल्यावर लेखक कोणाबरोबर चालत गेला, आणि त्या बाईचें नांव त्यानें विचारून घेतलें कीं नाहीं.